पिवळी बाटली

शनिवारी दुपारी दोनच्या सुमाराला मनासेने चाळिसाव्यांदा दोरी ओढली. नवाकोरा जनरेटर चाळिसाव्यांदा नुसता आतल्या आत फिरला आणि गप्प झाला. खोकलासुद्धा नाही. आकडा अकेसाने मोजला होता. तिच्याजवळ दुसरं कामच उरलं नव्हतं. जे सांगायचं ते ती सकाळपासून सांगत होती आणि ऐकून घ्यायला घरात कुणाला वेळ नव्हता.

"ओढ, अजून ओढ," ती म्हणाली. "दोरी तुटली की बसू दोघं गळ्यात गळा घालून."

"तू तोंड मिट जरा," मनासे म्हणाला. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता आणि उजव्या खांद्याशी हात सारखा जात होता. "नवं इंजिन आहे. नवं इंजिन लाजतं."

"लाजत नाहीये ते. तहानलंय. त्यात तेल नाही."

"तेल पेट्रोलमध्ये आहे, बाई! किती वेळा सांगू? माझ्या हाताने घुसळून ओतलंय."

इथेच घोडं अडलं होतं. बेटावरच्या प्रत्येक पुरुषाने जन्मभर होडीचं इंजिन चालवलेलं. त्या इंजिनाला तेल वेगळं घालायचं नसतं. पेट्रोलच्या डब्यात मापाने ओतायचं, डबा घुसळायचा आणि टाकीत रिकामा करायचा. हल्ली तर दुकानातल्या पिंपातच तेल मिसळलेलं पेट्रोल असतं, कारण दुसरं कुणी मागतच नाही. त्यामुळे मनासेच्या लेखी इंजिन म्हटलं की तेल आणि पेट्रोल एकाच तोंडाने प्यायचं. पंधरा वर्षं त्याने असं इंजिन घेऊन खडकांच्या बाहेर टूना मारला होता. त्याला बायकोने इंजिन शिकवायचं म्हणजे काय!

पण अकेसा दोन हंगाम ऑस्ट्रेलियात मिरच्या तोडून आली होती. तिथल्या शेडमध्ये असलंच एक लाल यंत्र होतं आणि मुकादम रोज सकाळी तिलाच बोलवायचा, कारण बाकीच्या बायका त्या आवाजाला भ्यायच्या. आधी तेलाची काडी काढ, पूस, परत बुडव, खूण बघ. मग पेट्रोल. मग दोरी. तेलाचं पोट वेगळं, पेट्रोलचं वेगळं. हे तिने दोनशे सकाळी केलं होतं. पण ऑस्ट्रेलियातलं शहाणपण बेटावर उतरलं की त्याला जहाजातच उलटी होत असावी. धक्क्यावर पोहोचेपर्यंत त्याच्यात काही जीव उरत नाही.

गुरुवारी बेटावरच्या वीजघराचं मोठं इंजिन बसलं. सुटा भाग टोंगाच्या राजधानीहून, नुकुआलोफाहून, पुढच्या जहाजाने येणार, म्हणजे पुढच्या बुधवारी. आणि सोमवारी चर्चची वर्षाची सभा. आसपासच्या, हापाईच्या सगळ्या बेटांवरून माणसं येणार, गावातली सात घरं जेवणाची सात मेजं मांडणार, आणि त्यातलं एक मेज मनासेच्या घराचं. स्वयंपाकाच्या झोपडीतल्या फ्रीझरमध्ये चार टूना, अकरा शेवंडी आणि मेंढीच्या बरगड्यांच्या दोन पेट्या होत्या. गुरुवारपासून त्याचं झाकण कुणी उघडलं नव्हतं. अकेसाने त्यावर चटया, गोधड्या आणि स्वतःचा ऑस्ट्रेलियातला जाडा कोट टाकला होता. तरी आज सकाळपासून खालच्या कोपऱ्यातून पाण्याची बारीक रेघ निघाली होती. ती पुसून काढली की पुन्हा उमटायची.

गेल्या वर्षी त्यांच्या मेजावरच्या माशाला वास आला होता. कुणी काही बोललं नाही. पाहुण्यांनी ताट पुढे सरकवलं, पुढच्याने पुढे सरकवलं, आणि असं सरकत सरकत ते शेवटी जसंच्या तसं अकेसाच्या हातात परत आलं. पाद्रीबाबांनी आभाराच्या प्रार्थनेत सहा घरांची नावं घेतली. सातवं विसरले म्हणे. अकेसा वर्षभर त्या एका गोष्टीने जळत होती. तिच्या थोरल्याने, सेमीसीने, म्हणूनच ब्रिस्बेनहून हा जनरेटर पाठवला होता. आणि आता हा इथे उमूच्या, म्हणजे जमिनीतल्या भट्टीच्या, खड्ड्यापाशी मुका बसला होता.

"आणि हे आधी तिथून हलव," ती म्हणाली. "खड्ड्यात निखारे आहेत. पेट्रोलच्या डब्याशेजारी निखारे ठेवून तू सिगारेट ओढतोयस."

मनासेने सिगारेट विझवली, पण पाय आपटत. मग दोघांनी मिळून यंत्र उचलून आंब्याच्या मागे, उघड्यावर, सपाट जागेत नेलं. स्वयंपाकाच्या झोपडीत ठेवू असं त्याचं चाललं होतं, पावसाचं भ्या म्हणून. अकेसा आडवी उभी राहिली. "त्याचा धूर दिसत नाही आणि माणूस झोपल्या जागी मरतो. झोपडीत नाही म्हणजे नाही." एवढं एक तरी त्याने ऐकलं.

मग तो वाकून यंत्राच्या पोटाखाली बघू लागला. "ही पिवळी वायर बघ," तो एकदम हुशारीत आला. "ही तेलाच्या डोळ्याची वायर. तेल नाही दिसलं की ही ठिणगी तोडते. ही उपटली की झालं. बरोबर सुरू होतं."

अकेसाने त्याचं मनगट धरलं. "म्हणजे तुला कळतंय!" ती ओरडली. "यंत्र स्वतः सांगतंय की तेल नाही, ते तुला कळतंय, आणि तू त्याचं तोंड बांधायला निघालास? दहा मिनिटं चालेल आणि आतल्या आत जळून त्याचा दगड होईल. मग सेमीसीला काय सांगशील? तुझा जनरेटर लाजला म्हणून?"

मनासेने वायर सोडली. "मग तेल आणू कुठून?" तो हळू आवाजात म्हणाला. "खोक्यात तर नव्हतं."

"होतं," अकेसा म्हणाली.

खोक्यातून आलेल्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर चित्र होतं: खोक्यात काय काय येतं. जनरेटर, दोन चाकं, पाना, नरसाळं आणि पिवळी बाटली. चाकं होती, पाना होता. नरसाळं आणि पिवळी बाटली नव्हती. आणि ती कुठे गेली हे दोघांनाही ठाऊक होतं. बोललं फक्त कुणी नव्हतं.

परदेशातून खोकं आलं की ते आधी लेसिएलीच्या दारी जायचं. लेसिएली ही मनासेची थोरली बहीण, म्हणजे सेमीसीची आत्या. टोंगात बापाची बहीण पोरांच्या वरची. तिने मागितलं ते द्यायचं, घेतलं ते घेतलं. लग्नात ती वरच्या चटईवर बसते, मयतात तिच्या पायाशी पोरं बसतात, आणि खोक्यातून तिने उचललेल्या वस्तूबद्दल "ती कुठे गेली" असं आजवर या बेटावर कुणी विचारलेलं नाही. काल संध्याकाळी खोकं तिने फोडलं होतं. आज सकाळी ते घरी आलं, नीट बांधून, वर दोरीची गाठ मारून.

"तू जाऊन माग," अकेसा म्हणाली. तिला माहीत होतं की हे बोलण्यात अर्थ नाही. तरी बोलली.

"मी? अक्काकडे?" मनासेने असं पाहिलं जणू तिने त्याला भर चर्चमध्ये लुंगी सोडायला सांगितली. बहीण अंगणात आली तर तो उठून मागच्या दाराने बाहेर जाणारा माणूस. तिच्यासमोर तो हसत नाही, जेवत नाही, इंजिनाबद्दल तर चकार शब्द काढत नाही.

"मग मीच जाते. तुमच्या घरचा मान, आणि तो सांभाळायला मी."

तिने अंगावर धुतलेला कपडा घेतला, थोरामोठ्यांपुढे जाताना बांधतात ती चटई कमरेला बांधली आणि निघाली. डोक्यात संताप एवढा की वाटेत भेटलेल्या दोन बायकांना काय उत्तर दिलं तेही तिला आठवेना. वाट चर्चवरून जात होती. शनिवार म्हणजे चर्चच्या आवारात गवत कापायचा दिवस. पण यंत्राचा आवाज येत नव्हता. अर्धं आवार कापलेलं, अर्धं गुडघाभर, आणि मधोमध निळ्यापांढऱ्या धुराचा ढग. त्या ढगात चर्चचा म्हातारा कारभारी मोसेसे खोकत उभा, आणि सावलीत, पंख्याने वारा घेत, वन्सं उभ्या. लेसिएली. तोंड आंबट झालेलं.

अकेसाने चटई सारखी केली. "वन्सं, इथे कशा?"

"बघायला आले," लेसिएली म्हणाली. "देवाच्या कामाला म्हणून चांगलं परदेशी तेल दिलं यांच्या मशीनला. आणि हा म्हातारा मशीन बिघडवून बसला. संध्याकाळी सगळी मंडळी बोटीतून उतरतील आणि अर्धी दाढी केल्यासारखं आवार बघतील."

"मी नाही बिघडवलं, अक्का," मोसेसे काकुळतीला आला होता. "तुम्ही दिलंत तसं ओतलं. सगळं ओतलं. तुम्ही दिलेलं अर्धं कसं ठेवू? वरचं तोंड भरेपर्यंत ओतलं."

गवत कापायच्या मशीनच्या चाकाशी पिवळी बाटली पडली होती, रिकामी. शेजारी नरसाळं. अकेसा त्या बाटलीकडे बघत उभी राहिली. माझ्या लेकाने पाठवलेलं तेल, वन्सं, माझ्या लेकाने! हे तिच्या ओठावर आलं आणि तिथेच थांबलं. म्हणायची सोय नव्हती. म्हणून काही उपयोगही नव्हता.

"मोसेसे काका," तिने विचारलं, "ओतायच्या आधी यात तेल होतं का?"

"होतं की. मागच्या महिन्यात जहाजावरच्या माणसाने भरून दिलं होतं."

"काडी काढून बघितलीत?"

"कसली काडी?"

अकेसा गवतात गुडघ्यावर बसली. कमरेच्या चटईसकट. तिने झाकण फिरवून काडी वर काढली आणि लुगड्याच्या टोकाला पुसली. पुन्हा बुडवून काढली. तेल खुणेच्या वर, पार गळ्यापर्यंत. आणि तिला एकदम हसूच आलं. आधीचं तेल पुरतं होतं. म्हणजे वर ओतलेली पूर्ण बाटली जशीच्या तशी आत जास्तीची होती. तिची बाटली कुठे गेलीच नव्हती. फक्त पोट बदललं होतं तिने.

"याला अजीर्ण झालंय," ती म्हणाली. "पोटात मावेना म्हणून नाकातोंडातून धूर. प्लगची टोपी काढा काका, म्हणजे पातं फिरणार नाही. आता तिरकं करू. असं नाही, पेट्रोलची टाकी वर राहील असं. हां."

"तुला येतं हे?" लेसिएलीने विचारलं.

"मिरच्यांच्या शेडमध्ये येत होतं, वन्सं. इथे येतं का ते बघायचं."

मोसेसेने मशीन कलतं धरलं, अकेसाने नरसाळं बाटलीत खोचून तोंडाशी धरलं. तेल आधी थेंबाथेंबाने आणि मग धारेने आलं. सोनेरी आत गेलेलं काळपट होऊन आलं. येऊ दे. तिच्या मनगटावरून ओघळ कोपरापर्यंत गेला, चटईवर डाग पडला. बाटली गळ्यापर्यंत भरली तेव्हा तिने थांबवलं, मशीन सरळ केलं, काडी पाहिली. बरोबर खुणेवर. मोसेसेने प्लग पुसला, टोपी बसवली, दोरी ओढली. यंत्राने एक मोठा धूर सोडला, मग आणखी एक छोटा, आणि मग ते नेहमीसारखं भुणभुणू लागलं. म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून आभाळाकडे पाहिलं. आभाळाचं त्यात काही नव्हतं.

आता मागायचं होतं. एकदा दिलेली भेट, तीही देवाच्या घरी, तीही लेसिएलीच्या हातची. बाटली दोन्ही हातांत धरून, मान खाली घालून अकेसा वन्संपुढे उभी राहिली. कोपरापर्यंत काळी, केसांत गवत.

"वन्सं, हे जास्तीचं आहे. मशीनला नको आहे. सांडून टाकण्यापेक्षा... माझ्या घरी एक तोंड उघडं आहे."

लेसिएलीने पंखा थांबवला. तिने बाटलीकडे पाहिलं, मग अकेसाच्या कोपरांकडे. मोसेसे मशीन घेऊन गवतात लांब पळाला होता, शहाणा माणूस.

"ने," लेसिएली म्हणाली. "टाकायचंच आहे तर ने."

टाकायचंच आहे तर! अकेसाने ते गिळलं. गिळायची तिला सवय होती. वर आणखी तोंड वेंगाडून तिने मोसेसेकडून डबाभर साधं पेट्रोलही मागून घेतलं, बिनतेलाचं. चर्चच्या मशीनसाठी मुद्दाम वेगळं आणलेलं तेवढंच बेटावर होतं.

घरी आली तर मनासे आंब्याखाली बसून खांद्याला खोबरेल चोळत होता. तिच्या हातातली बाटली बघून त्याने तोंड उघडलं.

"विचारू नकोस," ती म्हणाली. "आधी टाकीतलं तुझं मिसळलेलं पेट्रोल नळीने होडीच्या डब्यात काढ. एक थेंब ठेवू नकोस."

"चालेल की थोडं राहिलं तर..."

"मनासे!"

त्याने काढलं. मग तिने यंत्राच्या खाली पाट सारून ते सपाट केलं, काडी काढली, नरसाळं लावलं आणि तेल ओतलं. घाई करावीशी वाटत होती. पाण्याची रेघ आता झोपडीच्या उंबऱ्यापर्यंत आली होती. तरी ती थोडं ओतायची, थांबायची, काडी बुडवून बघायची. मनासे आधी उभा होता, मग वाकला, मग तिच्याशेजारी उकिडवा बसला. "इथवर?" त्याने काडीवरच्या खुणेवर बोट ठेवलं. "तिथवर. वर नाही, खाली नाही." बाटलीत बोटभर उरलं. ते तिने बूच लावून स्वतःच्या कपाटात ठेवलं आणि कुलूप घातलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने तेलाला कुलूप घातलं.

पेट्रोल फडक्यातून गाळून घातलं, तेही काठोकाठ नाही. सांडलेले दोन थेंब पुसून फडकं लांब वाळत टाकलं. डबा पन्नास पावलांवर नेऊन ठेवला. नळ उघडला, चोक ओढला. मनासेने दोरीला हात घातला.

"तुझा खांदा गेलाय. सरक," अकेसा म्हणाली.

पहिल्या ओढीला काही नाही. दुसऱ्या ओढीला यंत्र खोकलं. ती खोकल्याचा आवाज ऐकून जागच्या जागी उडीच मारणार होती. तिसऱ्या ओढीला जनरेटर गरजला, पाचोळ्यातल्या कोंबड्या किंचाळत पळाल्या, आणि आंब्याखालची जमीन पायांना थरथरली. थोडा वेळ तसाच चालू दिल्यावर तिने फ्रीझरची वायर जोडली. झोपडीत जाऊन गोधडीवर कान टेकला. आतून बारीक घरघर येत होती. तिथेच बसून ती रडली, अगदी थोडं, आणि काळ्या हाताने तोंड पुसून आणखी काळं करून घेतलं.

पाच वाजले होते. भरलेली टाकी सात तास चालणार, म्हणजे रविवार लागायच्या आत आपोआप बंद. रविवारी तर काडेपेटीची काडीसुद्धा ओढायची नाही. पण तोवर फ्रीझर दगड झालेला असेल, रविवारभर झाकण न उघडता तग धरेल, आणि सोमवारी पहाटे पुन्हा सुरू. तिने सगळं बसवलं होतं.

साडेपाचला फाटकाशी लेसिएली दिसली. मनासे नेहमीप्रमाणे उठून आंब्याच्या मागे गेला.

"आवाज माझ्या घरापर्यंत येतोय," लेसिएली म्हणाली. तिने यंत्राभोवती एक फेरी घातली. "पाद्रीबाबांकडे आज बारा पाहुणे उतरणार. त्यांच्या घरात दिवा नाही. हा आज तिकडे नेऊन ठेवते मी. पोरं पाठवते उचलायला."

दिवसभराचं सगळं, चाळीस ओढी, गवतातला गुडघा, तो "टाकायचंच आहे तर ने", सगळं अकेसाच्या तोंडाशी आलं. आंब्याच्या मागे मनासेचे फक्त पाय दिसत होते. तेही हलत नव्हते. नाही म्हणता येत नव्हतं. या घरात लेसिएलीला नाही हा शब्दच नव्हता.

"न्या की, वन्सं," ती म्हणाली. "तुमच्या भाच्याचंच आहे. फक्त चालू असताना उचलता येत नाही, आणि बंद केलं की अर्धा तास हात लावता येत नाही. तापलेलं आहे. टाकीत पेट्रोल आहे. हलवताना गरम नळीवर सांडलं तर उचलणारी पोरं जळतील." तिने खिशातून पुस्तिका काढली आणि पान उघडून पुढे धरलं. ज्वाळेचं चित्र होतं, वर लाल फुली. "बंद करू?"

लेसिएलीने चर्चच्या दिशेने पाहिलं. सहाला घंटा होणार. घंटेनंतर रविवारच्या तयारीत कुठलंही यंत्र सुरू करायचं नाही, हा पाद्रीबाबांचाच दंडक. आणि तो त्यांना घालून द्यायला लावला होता खुद्द लेसिएलीने, फार वर्षांपूर्वी, तरण्या पोरांच्या होड्यांमुळे.

"आता बंद केलं तर तिकडे सुरू होणार नाही," ती म्हणाली.

"नाही, वन्सं."

"आणि इथेही नाही."

"इथेही नाही."

लेसिएलीने अकेसाच्या हातातली पुस्तिका काढून घेतली. "हे मी नेते," ती म्हणाली.

"न्या." अकेसाला ती तोंडपाठ होती.

पुस्तिका चाळत लेसिएली फाटकापर्यंत गेली आणि तिथे तिचे पाय थांबले. पान पहिलं होतं. जनरेटर, दोन चाकं, पाना, नरसाळं, पिवळी बाटली. शेजारच्या चित्रात ती बाटली यंत्राच्या पोटात रिकामी होत होती. लेसिएली ते पान किती वेळ बघत होती! अकेसाने नजर जमिनीवर ठेवली. वन्संनी आजवर कुणाची माफी मागितली नव्हती आणि आजही मागणार नव्हत्या, मागायची त्यांना मुभाच नव्हती.

"अकेसा," लेसिएली मागे न बघता म्हणाली, यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून. "सोमवारी मेजाच्या डोक्याशी मी बसणार. पाद्रीबाबांनी विचारलं, मेज कुणाचं, तर मी तुझं नाव सांगणार. मनासेचं नाही. तुझं."

आणि ती गेली. पुस्तिका काखेत धरून, सावकाश, सभेला निघाल्यासारखी.

मनासे आंब्यामागून बाहेर आला. खांदा धरलेला, तोंड उघडं. "अक्काने तुझं नाव घेतलं?" त्याने बहिणीच्या वाटेकडे पाहत खिशातून सिगारेट काढली. "माझं नाही?"

"घेतलं," अकेसा म्हणाली. "आणि ती सिगारेट घेऊन तिकडे लांब जा, डब्याच्या पलीकडे."

तो गेला. या खेपेला पाय न आपटता.